बंदरात जन्म काढायचा असेल तर

उरण तालुक्यातल्या एका २२ वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देतो:

"काका, मी आयटीआय फिटर झालोय. आजोबांची जमीन बंदरात गेली. वडील टगवर (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीवर) खलाशी आहेत. सध्या एका कंत्राटदाराकडे लॅशिंगचं (जहाजावरचे कंटेनर बांधायचं-सोडायचं) काम लगेच मिळतंय. दुसरीकडे ओळखीतला एक माणूस म्हणतो, चार लाख दे, पोर्टात कायम चिकटवतो. आई दागिने मोडायला निघालीय. मित्र म्हणतात, क्रेन आता रिमोटवर चालणार, बंदरात माणूस लागणारच नाही, तू विमानतळावर बघ. पण मला आयुष्यभर बंदरातच काम करायचंय. लहानपणापासून दुसरं काही मनात आलंच नाही. जमेल का? आणि धाकटी बहीण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय. तिने विचारायला सांगितलंय, मुलींना बंदरात काम मिळतं का?"

बाळा, सगळ्यात आधी चार लाखांचं उरकून घेऊ. आज घरी गेल्या गेल्या आईला सांग, दागिने कपाटात ठेव. त्या माणसाला एक पैसाही द्यायचा नाही, 'टोकन' म्हणूनसुद्धा नाही. बंदर प्राधिकरणाची भरती जाहिरात देऊन होते, तीही हल्ली फार थोड्या जागांसाठी. खासगी टर्मिनलवाले माणसं स्वतः घेतात किंवा कंत्राटदारामार्फत घेतात. पैसे घेऊन 'कायम चिकटवतो' म्हणणाऱ्याकडे द्यायला नोकरी नसते. त्याच्याकडे असतो एक खोटा शिक्का मारलेला कागद, फार तर एखादा तात्पुरता गेट पास. तो माणूस नात्यातला असेल, गावातला मानाचा असेल, तरीही हेच. उलट मानाचा असेल तर जास्त सांभाळून, कारण त्याच्यावर तक्रार करायला तुमचंच घर बिचकेल.

आता तुझा खरा प्रश्न. आयुष्यभर बंदरात राहायचं, जमेल का? जमेल. पण तुझ्या मनात बंदरातल्या नोकरीचं जे चित्र आहे ते बहुतेक आजोबांच्या पिढीकडून आलंय, आणि ते चित्र आता बदललंय. कसं बदललं ते नीट समजून घे, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

मुंबईच्या गोदीत एके काळी कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा आणि टोळीवाला बोट दाखवेल त्याला त्या दिवसाचं काम मिळायचं. बोट आपल्याकडे वळलं की काम, नाही तर घरी. पी. डिमेलो आणि त्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी कामगार संघटित केला, १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं. नाव नोंदलेल्या कामगाराला जहाज आलं नाही तरी महिन्याला ठरावीक किमान पगार मिळू लागला. पोरांची शाळा, दवाखाना, पेन्शन, सगळं त्या एका नोंदणीवर उभं राहिलं. 'पोर्टात लागला' या दोन शब्दांवर लग्नं जमत ती त्यामुळे. ती प्रतिष्ठा कामगारांनी भांडून मिळवलेली होती.

मग कंटेनर आले. पूर्वी पोती, गासड्या, पिंपं उतरवायला टोळ्याच्या टोळ्या लागत आणि जहाज दिवसचे दिवस धक्क्याला लागून राही. तेच काम क्रेन आणि मूठभर माणसं काही तासांत करू लागली. १९९४ साली मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जिथे १८८० पासून जहाजं लागायची तो प्रिन्सेस डॉक आणि शेजारचा व्हिक्टोरिया डॉक भराव टाकून बुजवला गेला. तिकडे तुमच्या न्हावा-शेवाला १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, १९९९ मध्ये तिथे खासगी कंपनीने चालवलेलं देशातलं पहिलं कंटेनर टर्मिनल आलं, आणि नंतर एकामागून एक टर्मिनलं खासगी हातात गेली. आज जेएनपीए, म्हणजे तिथलं बंदर प्राधिकरण, हा जमीनमालक आहे. धक्क्यावर क्रेन चालवतात त्या दुसऱ्याच कंपन्या, आणि देशातल्या मोठ्या बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे तिथून जातात. म्हणजे काम भरपूर आहे. ते एकाच मालकाकडे, एकाच शिक्क्याखाली राहिलेलं नाही, एवढाच फरक.

तेव्हा आजोबांच्या काळात बोर्डाचं कार्ड माणसाला सांभाळायचं. तुला सांभाळणारा कागद तुझ्या स्वतःच्या नावाचा हवा. प्रमाणपत्र, परवाना, समुद्रावरच्या सेवेची नोंद, असं काहीतरी जे कंत्राटदार बदलला, टर्मिनलचा मालक बदलला, तू रत्नागिरीकडच्या जयगड बंदरात गेलास किंवा दुबईच्या जेबेल अली बंदरात गेलास, तरी तुझ्या खिशातच राहील. माझं सगळं सांगणं एवढ्यातच आहे. पुढचा तपशील ते कसं साधायचं याचा.

लॅशिंगचं काम घे. हो, घे. पुष्कळ जण नाकं मुरडतील, पण जहाज आतून-बाहेरून बघायला याच्याइतकं जवळचं काम दुसरं नाही. जहाज धक्क्याला लागलं की क्रेन हलायच्या आधी लॅशर वर चढतो. कंटेनरच्या रांगांना तिरक्या आवळलेल्या लोखंडी सळया असतात, प्रत्येकीच्या खाली ती आवळायचा स्क्रू, टर्नबकल. ते सैल करायचे, सळई कोनातून सोडवून तोल सांभाळत खाली आणायची. पुढचा डबा भरला की तेच उलट. सळई माणसाच्या दुपटीहून उंच असू शकते आणि ओली असली की हातात राहत नाही. खाली धक्क्यावर दुसरी माणसं डब्याच्या चारही कोपऱ्यांतले ट्विस्ट लॉक, म्हणजे डबे एकमेकांना अडकवणारी कुलपं, काढत असतात, तेव्हा कित्येक टनांचा डबा त्यांच्या छातीच्या उंचीवर लटकलेला असतो. जुलैच्या पावसात, रात्री तीन वाजता, वरून सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड आणि खालून रेनकोटच्या आत घामाची धार, असं ते काम आहे. सहा महिने केलंस तर वेड खरं होतं की नाही ते तुझं तुलाच कळेल.

पण त्यात मुरू नकोस. कंबर, गुडघे आणि खांदे चाळिशीच्या आत हिशेब मागायला लागतात, आणि चाळीस वर्षांच्या लॅशरला टर्मिनलमध्ये दुसरीकडे वळवून घ्यायला कुणी उत्सुक नसतं. वर्ष, फार तर दोन वर्षं. तेवढ्यात आतल्या माणसांची ओळख कर, आणि ओळख करायची ती मेंटेनन्सवाल्यांशी.

कारण तू फिटर आहेस हे तू पत्रात एका शब्दात उरकलंस, आणि तुझ्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता तोच आहे. क्रेन रिमोटवर चालणार, हे तुझे मित्र म्हणतात ते खोटं नाही. केरळात विझिंजमच्या नव्या बंदरात यार्डातल्या क्रेन कंट्रोल रूममध्ये बसून चालवतात, आणि हे लोण सगळीकडे पसरणार. केबिनमधला माणूस कमी होईल. पण क्रेनचा वायर रोप झिजायचा थांबणार नाही, ट्रॉलीची चाकं घासायची थांबणार नाहीत, हायड्रॉलिकचा पाइप फुटायचा थांबणार नाही. खाऱ्या हवेत लोखंड गंजणारच. डबा पकडणारा जो चौकोनी सांगाडा असतो, स्प्रेडर, तो दिवसभर लोखंडावर लोखंड आदळत असतो, आणि क्रेन बंद पडण्याचं कारण बहुतेकदा तोच असतो. स्प्रेडर अडला की क्रेन उभी, क्रेन उभी की जहाज उभं, आणि उभ्या जहाजाचं भाडं तासातासाला चढत असतं. त्या वेळी रात्री फोन ज्याला जातो तो माणूस कुठलाही मालक सहज सोडत नाही. तू तो माणूस हो.

त्यासाठी अप्रेंटिसशिप कर. बंदरं, टर्मिनलं, माझगाव डॉक, नौदलाची गोदी ही सगळी जाहिरात देऊन आयटीआयवाल्यांना शिकाऊ म्हणून घेतात. स्टायपेंड लॅशिंगच्या कमाईहून कमी वाटेल, ते वर्ष घरच्यांनी सोसायचं. पुढे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात येतं. नंतर हायड्रॉलिक्सचा एखादा चांगला कोर्स, जमल्यास पीएलसीची, म्हणजे यंत्राला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाची, तोंडओळख. निव्वळ फिटर आणि विजेचा सिग्नल वाचता येणारा फिटर यांच्या पगारात फरक असतो, आणि तो दर वर्षी वाढतो. आई दागिने मोडायला तयारच असेल तर त्यातला एखादा अशा कोर्सच्या फीसाठी मोडला तरी मला वाईट वाटणार नाही.

रीफरचंही डोक्यात ठेव. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती ज्या थंड डब्यांतून, त्यांना रीफर म्हणतात. ते डबे यार्डात प्लगला लावून तापमान सतत तपासावं लागतं. द्राक्षाच्या हंगामात एखादा डबा रात्रभर बंद पडला तर कुणा शेतकऱ्याचं वर्ष पाण्यात जातं. रेफ्रिजरेशन जाणणारा माणूस या कामात लागतोच लागतो.

क्रेन ऑपरेटर व्हायचं स्वप्न तुझ्या वयाच्या प्रत्येकाला असतं. केबिन धक्क्यापासून तीस-चाळीस मीटर वर, पायाखाली काच, दोन गुडघ्यांमधून मान खाली घालून पूर्ण पाळी बघत राहायचं. तासाला पंचवीस-तीस डबे. पगार आणि रुबाब दोन्ही आहे. मानेचं दुखणंही आहे, आणि रिमोटची झळ पहिली त्यालाच लागेल. संधी आली तर सोडू नकोस, मात्र आयुष्याचा बेत तिच्यावर बांधू नकोस.

वडिलांचं काय म्हणणं आहे, ते तू लिहिलंच नाहीस. त्यांना विचार. टगवरचा खलाशी म्हणजे पाण्याकडची शिडी घरातच उभी आहे. पाण्यावरचा काळ रीतसर नोंदला गेला की त्यावर मास्टरची, म्हणजे बोटीच्या कप्तानाची, परीक्षा देता येते, इंजिनाकडे असलास तर इंजिन ड्रायव्हरची. अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा २०२१ साली आला, त्यामुळे प्रमाणपत्रांचे नियम आता काय आहेत ते महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचार, ऐकीव माहितीवर राहू नकोस. फिटरला इंजिनाचा हात लवकर बसतो, म्हणून ही वाट तुला परकी नाही. टग आणि बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) फक्त न्हावा-शेवाला नाहीत. जयगडहून कच्चा माल बार्जमध्ये भरून धरमतरच्या खाडीत डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत येतो, मुंबई बंदराच्या जवाहर द्वीपला तेलाची जहाजं लागतात, त्या सगळ्यांना पाण्यावरची माणसं लागतात. एक गोष्ट आजच तपास: वडिलांच्या इतक्या वर्षांच्या सेवेची नोंद कागदावर आहे का? अशी पुष्कळ माणसं मी पाहिलीत की ज्यांना खाडीतला प्रत्येक खडक ठाऊक, पण हातात एकही प्रमाणपत्र नाही, आणि काल आलेला पोरगा मास्टर म्हणून त्यांच्या डोक्यावर बसतो.

बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवून बंदरात आणणारा, व्हायची गोष्ट वेगळी. त्याला आधी परदेशी जाणाऱ्या जहाजांवर अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढावी लागतात, बारावीला फिजिक्स-गणित लागतं. तुझी ती वेळ गेली असं समज. कस्टम्स क्लिअरिंगची कागदपत्रांची लाइनही आहे, तिच्याही परीक्षा आणि कार्डं आहेत. पण तुझं पत्र वाचून तू खुर्चीत रमशील असं वाटत नाही.

आता सुरक्षा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे आणि तू ते नीट वाचायचंस.

जहाज बांधायचा दोर, हॉसर, ताणलेला असतो तेव्हा त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो. तुटला की तुटलेली टोकं डोळ्याला दिसायच्या आत मागे उसळतात आणि मध्ये आलेला पाय किंवा छाती तशीच्या तशी फोडतात. दोराच्या टोकाचा फास जमिनीवर पडलेला असेल तर त्याच्या आत पाय टाकू नकोस. नवखा माणूस दोराकडे बघतो. तू बोलार्डकडे (दोर बांधायच्या खुंटाकडे) बघ, विंचकडे (दोर ओढणाऱ्या यंत्राकडे) बघ, आणि दोर तुटला तर कुठे जाईल त्याचा अंदाज घेऊन मग उभा राहा.

बंद जागा दुसरी. कोळसा, भंगार लोखंड, लाकडाचे ओंडके असलेल्या जहाजाच्या पोटात हवेतला ऑक्सिजन संपलेला असू शकतो. वास येत नाही, दिसत नाही, शिडीवरून उतरणारा माणूस मध्येच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा अपघातांत पुष्कळदा वाचवायला गेलेलेच मरतात. आत कुणीही पडलेला दिसला, अगदी सख्खा भाऊ असला, तरी श्वसनयंत्राशिवाय उतरायचं नाही. ओरडायचं, अलार्म द्यायचा, माणसं बोलवायची. कंटेनरचंही तेच. धान्याच्या, लाकडी सामानाच्या डब्यात कीड मारायला विषारी धूर सोडलेला असू शकतो. दारावर कवटीचं चित्र असेल तर जाणकाराने हवा खेळवून, तपासून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत आत पाऊल नाही. लसणासारखा वास आला तर लगेच मागे फिर. आणि वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग लागली, दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात मेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. कुठला माल कशाशेजारी ठेवायचा नाही, याचं शास्त्र आज फार पुढे गेलंय आणि धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण असतं. ते मिळालं तर नाही म्हणू नकोस, तोही तुझ्या नावाचा कागद आहे. 'चल रे, पटकन आवर, काही होत नाही' असं मुकादम म्हणाला तर तू थांबायचंस. एक पाळी बुडाली तर बुडू दे.

कंत्राटदाराकडे जाशील तेव्हा हे विचार: पीएफ कापता का, यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर कधी मिळेल, ईएसआय (दवाखान्याचा विमा) आहे का, पगार बँकेत की हातात, बूट-हेल्मेट-हातमोजे कुणाचे. पगार रोख आणि पीएफ नाही म्हणाला तर सरळ उठून ये. दुसरा कंत्राटदार मिळतो. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे आपल्या कायद्यात १९७० पासून आहे. पण त्यासाठी तू तिथे काम करत होतास याचा पुरावा लागतो. म्हणून गेट पासचा फोटो, हजेरीचा फोटो, पगाराची स्लिप, सगळं मोबाइलमध्ये आणि घरी फाइलमध्ये ठेव. घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला असेल तर त्याच्याही प्रती काढून ठेव, स्थानिकांचा विचार होतो तिथे तो लागतो. १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून दास्तान फाट्यावर आणि नवघरला लोकांनी गोळ्या झेलल्या, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. तुझा हक्क मागताना तुला ओशाळं वाटायचं कारण नाही. मात्र दाखला दार उघडून देईल, आतलं काम तुलाच यायला हवं.

घरच्यांना एक आधीच सांगून ठेव. बंदर गणपतीत बंद राहत नाही, होळीलाही नाही. पाळी फिरती असते, भरती मध्यरात्री असेल तर जहाज मध्यरात्री येतं. पुढे लग्न ठरवताना हे मुलीला स्पष्ट सांग, तिच्या आईवडिलांना सांगून भागत नाही.

राहता राहिली बहीण. तिला सांग, मिळतं. विझिंजमला त्या यार्ड क्रेन चालवणाऱ्यांत तिथल्याच कोळीवाड्यांतल्या मुली आहेत. स्क्रीनसमोर बसून जॉयस्टिकवर काम, ताकदीचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर या घरात बंदराचं भविष्य तुझ्यापेक्षा तिच्या हातात जास्त आहे. सेन्सर, ड्राइव्ह, कॅमेऱ्याने नंबर वाचणारी गेटं, क्रेनच्या मेंदूतला पीएलसी, हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं. मुलाखतीला गेली की रात्रपाळीला घरापर्यंत गाडी देता का आणि यार्डात बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे, हे दोन प्रश्न तिने बिनधास्त विचारावेत. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरं टर्मिनल बघावं. डिप्लोमाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर क्रेनच्या सेन्सरवरच काहीतरी घ्यावा, मोटर आणि लिमिट स्विचचं छोटं मॉडेलसुद्धा चालेल. आणि त्याचा लोखंडी सांगाडा तू बनवून दे, फिटर आहेस ना.